दुसरा बापू कुठून आणायचा?

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या बाजारात हरभऱ्याचा भाव विचारत उभा होतो. फोन ठेवला आणि पुन्हा भावच विचारला... अशा वेळी माणसाचं डोकं कसं चालतं, मला अजून कळलेलं नाही. बापू माझा आतेभाऊ, जीवशास्त्राचा प्राध्यापक. रक्ताच्या कॅन्सरनं गेला. अमडापूरला तेरवीच्या पंगतीत शेजारच्या मामांनी द्रोणात वरण घेता घेता विचारलं, "त्या मशीनीनंच खाल्लं न त्याले?" सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. मी कॉमर्सचा माणूस. मी वाढप्याकडे मीठ मागितलं.

ती मशीन मायक्रोवेव्हची. स्वयंपाकघरात असते त्याच जातीची, पण बापूची मशीन लहरी सलग सोडत नसे. टाळ्या वाजवाव्या तशा थांबून थांबून सोडायची, म्हणजे आतली वस्तू तापत नाही. या लहरींनी पेशी जास्त वाढतात की खुंटतात, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. काचेच्या बशांत तो यीस्ट वाढवायचा. काही बशा मशीनीत, तशाच काही बाहेर, तुलनेसाठी. एका उन्हाळ्यात मशीनीतल्या बशा भराभर भरल्या. बापूनं गावभर पेढे वाटले. मग एका दुपारी त्याच्या ध्यानात आलं की बाहेरच्या बशा कूलरच्या थेट झोतात होत्या! आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर कोण बंद ठेवणार? त्या बिचाऱ्या गारठून मागे पडल्या होत्या. ज्या ज्या घरी पेढे दिले, त्या त्या घरी जाऊन हा सांगून आला, "लहरींचं काही नव्हतं ते, कूलरचं होतं." लोक हसले. सर्वांत जास्त मी हसलो. पुढं कूलर हलवून त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कधी वाढ जास्त, कधी कमी... उलगडा झालाच नाही.

आजारपणात मी त्याला तोंडावरच विचारलं, मशीनीनंच झालं का हे? रागानंच विचारलं, कुणावर तरी राग काढायचा होता. तो उशीला टेकून बसला होता. "मशीनीजवळ गेलेला बापू तं तू पाहूनच राह्यला," तो म्हणाला. "आता न गेलेला बापू कुठून आनू बे?" आणि हसला. मला रडू आवरलं नाही.

आता त्याची मुलगी केतकी तेच काम पुढं न्यायला निघाली आहे. एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, फक्त होकार कळवायचा होता. वहिनी जाऊ देत नव्हत्या. गेल्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तर म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा. जाऊ देऊ का नको?" मशीनीनं झालं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं, मी काय सांगणार? जा म्हटलं आणि उद्या पोरीला काही झालं तर? नको म्हटलं, तर बापूचं अर्धवट राहिलेलं कोण बघणार...

उत्तर टाळायला मी इकडंतिकडं पाहिलं. वहिनी दही लावत होत्या, दोन गाडग्यांत. घरात खाणाऱ्या दोघीच.

"दोन काऊन, वहिनी?"

"तुमचे भाऊच लावत असे. एक गॅसपाशी, एक खिडकीत. एकावरून काय समजते, म्हनत..."

बोलता बोलता त्यांचा हात थांबला. "एकट्या तुमच्या भावावरून तरी काय समजते..." त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "केतकी, हो म्हनून कळव वं त्यायले. मले भेव लागनच. पन कळव."

आतून हुंदका ऐकू आला. वहिनींनी एक गाडगं उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं.