बोटभर गाळ

आखितीला पितरांची घागर भरली की मुक्ताबाई सिंदफणेच्या काठी वाटीभर दूध ओतायची, आणि दर वर्षी जागा वेगळी. तेलगावचे लोक म्हणायचे, म्हातारीला चकवा लागलाय. लोकांचं काय जातंय बोलायला! बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तेव्हा तिची तान्ही लेक गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. काठावर खड्डा खणला, सोसायटीच्या दुकानातून आणलेलं मीठ तिनं स्वतःच्या हातानं घातलं, वर काटे रचले. पुढच्या पावसाळ्यात नदीनं तो काठच नेला. लेक कुठं गेली, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

सोळा सालच्या दुष्काळात माजलगावचं धरण कोरडंठाक पडलं, तेव्हा तिचा भाचा बद्रीनाथ सुट्टीवर आला. तो जहाजावर नोकरीला. समुद्राच्या तळात लांब नळी रोवायची, वर ओढायची, साहेबलोक गाळाचे थर बघणार. तपासून उरलेला एक तुकडा त्यानं काचेच्या बरणीत घालून आणला होता.

“मावशी, ही आपल्याकडचीच माती. सिंदफणेनं गोदावरीत नेली, गोदावरीनं समुद्रात. लई पाऊस झाला की थर जाड, दुष्काळात बारीक. वरचा बोटभर आपल्या हयातीतला.”

काळ्या गाळात एक फिकट रेघ होती. खाली तसल्याच आणखी, पार तळापर्यंत.

“ही बहात्तरची असंल,” तो सहज बोलून गेला. “वरचा जाड थर पुढच्या पावसाळ्याचा. नदीनं काठ नेले ना, तवाचा.”

बरणी देवळीत राहिली. गावातले रांजण कोरडे पडले, पण त्या गाळाला रोज सकाळी पाणी सुटलेलं असायचं. शेजारची रतनबाई म्हणाली, असलं घरात ठेवू नको. मुक्ताबाईला भीती वाटत होती, पण बरणी तिनं हलवली नाही.

बद्रीनाथ निघायच्या दिवशी तिनं रेघेच्या वरचा गाळ बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

“सापडली,” ती म्हणाली. “मीठ मीच घातलं होतं.”

जन्मात समुद्र न पाहिलेल्या बाईला काय सांगावं? बद्रीनाथनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिनं बरणीत दूध ओतलं, पदरानं काच पुसली.

“खालचं बी असंच खारट हाय का?”

“सगळंच हाय, मावशी. नळी जाती तिथवर.”

तिचं बोट काचेवरून एकेका रेघेवर थांबत खाली गेलं.

“एवढी लेकरं?”