मुकुंद सरांची ओळ

मुकुंद सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा, असं आमच्या वाद्यवृंदाच्या मंडळाने सांगितलं. मोठमोठे शब्द मला येत नाहीत आणि सरांना ते आवडतही नाहीत.

सर पहिल्यांदा भेटले ते विठ्ठलवाडीला, आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात. मी ढोलकीवर होते. कार्यक्रम संपल्यावर सर जवळ आले आणि म्हणाले, "डोंबिवलीत आमचा वाद्यवृंद आहे. वीस-पंचवीस वाद्यं एकत्र वाजतात. याल का?"

मी सरळ सांगितलं, "सर, माझी शाळा चौथीपर्यंत. ते कागदावरचं मला वाचता येणार नाही."

"आमच्यात कागद नाहीच," सर म्हणाले.

खरंच नव्हता. सर प्रत्येकाला त्याची ओळ गाऊन शिकवतात. वर शेजाऱ्याची ओळही पाठ करायला लावतात. मी वैतागले. शेजारी बसणाऱ्या सुचिताचं व्हायोलिन मी ढोलकीवालीने कशाला पाठ करायचं? विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं.

आणीबाणीत सर तुरुंगात होते. कागद-पेन्सिल मिळत नव्हती. आपली पहिली मोठी रचना त्यांनी तिथे केली आणि एकेक ओळ एकेका सोबत्याच्या तोंडी ठेवली. मधली एक ओळ खडवलीचे दामूअण्णा स्वतः बांधत होते. मनासारखी झाली की ऐकवतो, म्हणायचे. ऐकवायच्या आधीच त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवलं. सुटल्यावर सर खडवलीला गेले, तर दामूअण्णा वारले होते. कधी कुणाला उचलून नेतील याचा भरवसा नसतो, हे सर तिथे शिकले. तेव्हापासून त्यांच्या संगीतात कुठलीही ओळ एकाच माणसाच्या भरवशावर सोडलेली नसते.

त्या रचनेत दामूअण्णांच्या ओळीच्या जागी आम्ही आजही हात उचलून थांबतो. लोकांना वाटतं संपलं, टाळ्या वाजवतात. ठाण्याचे एक आयोजक म्हणाले, "सर, तिथे थोडी बासरी टाकू या ना. गॅप वाटतो."

"तिथे माणूस बसलाय हो," सर म्हणाले. "त्याला उठवू कसा?"

माझं ऑपरेशन झालं तेव्हा सर हॉस्पिटलात सुचिताला घेऊन आले. फळं वगैरे काही नाही. तिच्याकडून माझी ढोलकीची ओळ पलंगाच्या दांडीवर वाजवून घेतली आणि म्हणाले, "तुमची जागा सांभाळलीय. निवांत बऱ्या व्हा." मी तोंड भिंतीकडे केलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. आमची प्रत्येकाची ओळ दोघांना येते, सर स्वतः वाजवतात ती फक्त सरांना. आता त्यांचे हात थरथरतात. विषय काढला की "बघू" म्हणायचे. गेल्या महिन्यात तालमीत मी विचारलंच, "सर, उद्या तुम्ही नसलात तर तुमचीपण जागा रिकामीच ठेवायची का? एका रचनेत दोन खड्डे?"

सुचिता पुटपुटली, "ताई, काय बोलता हे."

सर हसले. "शोभाताई, बसा. गा माझ्यामागे."

आता दर रविवारी ते मला थोडी थोडी शिकवतात. एका वेळी जास्त घेणार नाही, असं मी त्यांना सांगून टाकलंय. ओळ लांब आहे. ती झाली की पुढच्या रचनांच्या ओळी आहेत. त्या सगळ्या शिकवून होईपर्यंत सरांनी ठणठणीत राहायचं आहे, आणि मला अजिबात घाई नाही.