बिनढोलाची देवी

त्या वर्षी नवरात्रात मी देवीवर रुसले होते. पूजा सोडली नव्हती; घट बसवला होता, रोज माळ चढत होती, उपासही चालू होते. पण हात जोडले की मनात काही उमटायचं नाही. आमचं कुलदैवत माहूरची रेणुका. आईशी बोलावं तसं मी लहानपणापासून तिच्याशी बोलत आले. ते बोलणंच बंद पडलं होतं, आणि त्याला कारण होती माझी धाकटी बहीण नंदा.

आम्ही मूळचे परभणीचे. लग्नानंतर यांना पुण्याजवळच्या उरवडे गावातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिथल्याच एका शेतकरी कुटुंबाकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालकीण ताराकाकू. जमिनीचा एक तुकडा विकून उरलेल्या जागेत त्या रोपवाटिका चालवत. माझी आई आधीच गेली होती. पुढे दोन हजार सहाच्या सुमारास वडीलही गेले आणि नंदा आमच्याकडे राहायला आली. तेव्हा ती पंचविशीची असेल.

नंदा स्वतःहून फारसं बोलत नाही. आपण काही विचारलं तर आपलेच शब्द परत म्हणते. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. मोठा आवाज झाला की कान घट्ट दाबून पुढे-मागे डोलते, आणि आवाज थांबलाच नाही तर किंचाळते. परभणीला आमच्या गल्लीत तिला सगळे जन्मापासून ओळखत, त्यामुळे कुणाला नवल नव्हतं. इथे मात्र ती दाराबाहेर आली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, ‘खुळी’ म्हणायच्या. यांच्या ओळखीने आम्ही तिला पुण्यात एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऑटिझम हे नाव सांगितलं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, हा रोग नाही, तिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, असंही शांतपणे समजावलं. मी त्यातलं एवढंच घरी घेऊन आले की हे बरं होणार नाही. इतकी वर्षं देवीकडे मी तेच तर मागत होते. शुक्रवार केले, ओट्या भरल्या. मग ते सगळं गेलं कुठे?

सातव्या माळेला नंदाला घेऊन गावच्या देवळात आरतीला गेले. गाभाऱ्यासमोर ढोल, झांजा आणि भोवती गर्दी. मी तिचा हात धरून ठेवला होता, पण ढोल अगदी कानाशी घुमला तशी ती किंचाळली, हात झाडला आणि आरतीचं ताट खाली पडलं. ढोल थांबला. मग मागून एक बाई म्हणाली, “कशाला आनायचं अशीला देवापुढं?” कुणी भांडलं नाही, कुणी हाकललंही नाही. लोकांनी ताट उचललं आणि आरती पुढे सुरू झाली. आम्ही दोघी भिंतीच्या कडेने बाहेर पडलो.

घाट उतरून कोकणात गेलं की अशा मुलींना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे, असं यांच्या कानावर आलं होतं. ते म्हणाले, “एकदा बघून तर ये. तिचे हाल बघवत नाहीत आणि तुझेही.” त्यांचं चूक नव्हतं. दसरा झाल्यावर एका सकाळी नंदाच्या कपड्यांची पिशवीही बरोबर घेतली आणि पिरंगुटहून आम्ही कोकणात जाणाऱ्या गाडीत बसलो. जागा पसंत पडली तर ठेवूनच यायचं, असं मनात होतं. मुळशीचं धरण मागे पडेपर्यंत नंदा खिडकीतून पाणी बघत शांत होती. मग वळणं सुरू झाली, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी ड्रायव्हरला प्रत्येक वळणावर हॉर्न द्यावा लागला. ताम्हिणी येईपर्यंत नंदाचा धीर संपला. ती ओरडायला लागली, डोकं पुढच्या सीटवर आपटायला लागली. कंडक्टर भला माणूस होता. म्हणाला, “ताई, काय करू सांगा, गाडी थांबवू का?” मी म्हटलं, थांबवा. आम्ही उतरलो आणि गाडी निघून गेली.

रस्त्याला लागून एक ढाबा होता. बाहेर बाकडी मांडलेली, आत टेपवर गाणी चाललेली. तव्यावर भाकरी टाकणाऱ्या बाईने कान दाबून उभ्या असलेल्या नंदाकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली, “अवो, त्ये टेप बंद करा आदी.” टेप बंद झाला. मग ती माझ्याकडे वळली.

“बोलत न्हाई व्हय ही?”

“फार नाही बोलत,” मी म्हटलं.

“नको बोलू मग,” ती नंदाला म्हणाली. “भाकरी खाती का?”

“भाकरी खाती का,” नंदा म्हणाली.

“खाते की. आत्ताच दोन खाल्ल्या. आता तू खा.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असेल. नंदाच्या त्या परत म्हणण्याला आजवर लोक हसले होते, चिडले होते, पण सरळ उत्तर देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. या बाईचं नाव भागाबाई. आमचं खाणं झाल्यावर तिने पदराला हात पुसले आणि तेलाची बुधली उचलली. म्हणाली, “पुडली गाडी याला लई येळ हाय. मी देवीला दिवा लावाया चाललेय. चला, तितं सावली बी हाय.” नको म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

ढाब्यामागच्या पायवाटेने थोडं चढून गेलं की देवराई लागते. तिथून पुढे चपला नाहीत आणि वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असं भागाबाईने सांगितलं. हेही सांगितलं की आत हळू बोलायचं. झाडं इतकी जुनी आणि दाट की दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत मऊ होत होतं. मध्ये उघड्यावर शेंदूर लावलेली देवीची शिळा. ना कळस, ना घंटा. मी विचारलं, “उत्सवाला तरी ढोल वाजत असेल ना इथे?”

“छ्या! बिनढोलाची देवी हाय ही.” भागाबाईने वर बोट केलं. उंच फांदीला मधमाश्यांची मोठी काळी पोळी लोंबत होती. “माज्या सासऱ्याच्या बापाच्या काळात वाजवला व्हता म्हनं. आग्यामव उठलं, आन् समदी नवी धोतरं टाकून पळाली. तवापास्नं हितं कुनी मोठ्यानं बोलत न्हाई. देवीला गोंगाट चालत न्हाई.”

मी नंदाकडे पाहिलं. तिने कानांवरचे हात काढले होते. कधी काढले ते मला कळलंच नाही. ती शिळेसमोर मांडी घालून बसली, वरच्या पानांतून हलणारा उजेड बघत राहिली, आणि मग हळूहळू डोलू लागली. ते घाबरून डोलणं नव्हतं. पाळण्यातलं मूल झुलतं तसं होतं. देवीसमोर नंदाला शांत बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भागाबाई दिव्यात तेल घालता घालता हलक्या आवाजात बोलत होती. “माजा धाकला दीर असाच व्हता. मानसांत बसायचा न्हाई, पन म्हशी त्याच्या मागनं जायच्या. त्याला शाना कराया कुनी बसलं न्हाई. उत्सवाला मानसांची गर्दी व्हायच्या आदी त्यो पानी भरून ठेवायचा. त्ये कामच त्याचं. त्यो गेला त्या साली लोकं जेवाया बसली आन् पानीच न्हाई! तवा समद्यास्नी रडू आलं.”

मी हात जोडले. काही मागायला गेले आणि लक्षात आलं की मागण्यासारखं काही सुचतच नाही. नंदाला बरी कर, हे शब्द ओठापर्यंत आलेच नाहीत. ती माझ्यासमोर होती आणि त्या घटकेला तिचं काहीच बिघडलेलं नव्हतं. फक्त तिथे ढोल नव्हता. मनातला रुसवा कधी गेला ते सांगता येणार नाही. पण परभणीच्या घरी देव्हाऱ्यासमोर बसून बोलायचे तशी मी देवीशी पुन्हा बोलले. एवढंच म्हटलं की आई, पुढचं तू बघ.

खाली आलो तर कोकणाची गाडी यायची होती आणि पुण्याची समोर उभी होती. मी नंदाला घेऊन पुण्याच्या गाडीत बसले. दुपारची गाडी रिकामीच होती. नंदाच्या कानांवर मी माझी शाल घट्ट गुंडाळली आणि आम्ही घरी आलो. यांनी पिशवी परत आलेली पाहिली आणि ती आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी ताराकाकूंकडे गेले आणि म्हटलं, नंदाला रोपवाटिकेत काहीतरी काम द्या. काकू बोलायला फटकळ. “काय करंल ती? आन् वरडाया लागली म्हंजी?”

“एकच काम द्या, रोज तेच. काम चालू असताना हाका मारू नका. आणि रेडिओ नको.”

“बघू. जमलं तर जमलं,” काकू म्हणाल्या.

सुरुवातीला जमलं नाही. पिशव्यांत माती भरायचं काम दिलं, तर ओली माती हाताला लागली की ती हात झटकत रडायची. एकदा पाण्याचा पंप सुरू झाला तेव्हा तिने रोपांचा अख्खा वाफा तुडवला. मला वाटलं, संपलं. पण काकूंनी तिला माती उचलायला पत्र्याचा डबा दिला, आणि ती जेवायला घरी जाईल तेव्हाच पंप लावायचा असं ठरवून टाकलं. मला म्हणाल्या, “रोपाचं बी तसंच असतंय की. शेवंतीला ऊन लागतं, फर्नला सावली. फर्नला कुनी खुळं म्हनतंय का?” नंदा सावकाश भरायची, पण सकाळी बसली की दुपारपर्यंत तिथेच. रेडिओ बंद झाला म्हणून कुरकुरणाऱ्या, तिथे कामाला येणाऱ्या बायकाही हळूहळू तिच्या बाजूला येऊन बसायला लागल्या. एक जण मला म्हणाली, “तिच्यापाशी डोकं दुकत न्हाई.”

पुढच्या नवरात्रात काकूंनीच देवळात विषय काढला आणि सकाळची आरती नुसती तोंडाने म्हणायची असं ठरलं. त्याला थोडी कुरबुर झाली. मग म्हातारी माणसं आणि कडेवर तान्ही बाळं घेतलेल्या आयाही त्याच आरतीला यायला लागल्या आणि कुरबुर थांबली. संध्याकाळचा ढोल आजही तसाच जोरात वाजतो, वाजावाच.

त्या दिवाळीत मी भागाबाईला साडी घेऊन ताम्हिणीला गेले. ती तशीच तव्यासमोर होती. मी सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, “याद न्हाई बगा ताई. लई लोकं येत्यात.” साडी तिने घेतली, डोळ्यांना लावली, आणि “देवीला नेसवते” म्हणून बाजूला ठेवली. मला वाईट वाटलं नाही. ज्याच्या हातून आपल्याला मिळतं, त्याला ते आठवलंच पाहिजे असं कुठे आहे? हॉर्न, घाट, बंद केलेला टेप, यातलं देवीचं किती आणि योगायोगाचं किती, याचा निवाडा मी करत बसत नाही. शरण जाणं म्हणजे मला एवढंच कळलं आहे की देवाने घडवलेलं माणूस दुरुस्तीसाठी त्याच्याकडे परत पाठवायचं नाही. त्या माणसाला बसायला जागा करायची, आणि ती जागा होईपर्यंत धीर देवाकडे मागायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नंदाला ताप आला. मी तिला उठू दिलं नाही. ऊन जरा वर चढलं तेव्हा दार वाजलं. रोपवाटिकेतल्या बायका हाताला माती तशीच घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे जी होती, ती सातव्या माळेला देवळात बोललेलीच बाई.

“नंदा का आली न्हाई?” तिने विचारलं. “कवाची वाट बगतोय आमी.”

आतून अंथरुणातून नंदाचा आवाज आला, “वाट बगतोय आमी.”

“व्हय गं बाई,” ती दारातूनच म्हणाली. “बरी झाली की ये.”