भैय्यालाल यांचे दुसरे कुलूप

लाखनीच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयातील संगणक कक्षाला दोन कुलुपे होती. पहिले दारावरचे, पितळी. त्याची किल्ली प्रयोगशाळा परिचर भैय्यालाल यांच्या जुडग्यात असे. दुसरे डोळ्यांना न दिसणारे, परीक्षेच्या सर्व्हरमधले. ते भैय्यालाल यांनी स्वतःच्या हातांनी घातले होते, आणि बारावीच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी, सकाळी सव्वादहा वाजता, नेमके तेच उघडेना.

अकराला पेपर होता. व्हरांड्यात चोवीस विद्यार्थी उभे होते. सर्व्हर सुरू झाल्याखेरीज त्यांच्या एकाही संगणकावर प्रश्न दिसणार नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे सांगितले होते की, अकरापर्यंत यंत्र सुरू न झाल्यास या केंद्रावर परीक्षा होऊ शकली नाही, असा अहवाल त्यांना द्यावा लागेल.

भैय्यालाल यांनी पुन्हा पासवर्ड भरला. पुन्हा नकार आला. तीन नकारांनंतर यंत्र गोठत असे व ते बंद करून नव्याने सुरू करावे लागे. तसे आता दोनदा झाले होते.

हे गृहस्थ मूळचे एकोडीचे. सत्त्याण्णव साली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा बाटल्यांवरची निम्मी लेबले पुसलेली होती. महिनाभरात त्यांनी प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरांत नवे लेबल लावले, आणि त्यानंतर कोणत्याही शिक्षकाला तिथे बाटली हुंगून पाहावी लागली नाही. पुढे संगणक आले. त्यांना नेमले होते केवळ झाडलोट करण्यासाठी. परंतु विचारत विचारत, वहीत टिपून घेत, ते यंत्रांचे काम शिकले. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ते तारखेसह नोंदवहीत करीत. ‘भैय्यालाल यांच्या वहीत आहे’ एवढे म्हटले की त्या इमारतीत वाद मिटत असे.

पंधरवड्यापूर्वी कुणा मुलाने आपल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून दोन यंत्रे निकामी केली होती. प्राचार्य गोपीचंद सरांनी त्यावर सर्व्हर पक्का बंदिस्त करण्याचा आदेश दिला. भैय्यालाल यांनी छापील सूचना तीनदा वाचल्या. यंत्र चालू करताच ठरावीक कळ दाबून ते बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या, निळ्या पडद्यात शिरले. यंत्राने प्रथम स्वतःची हार्ड डिस्कच शोधावी असा क्रम लावला, पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय बंद केली आणि शेवटी पासवर्ड घातला: गावाचे नाव इंग्रजी पाच अक्षरांत, पुढे नोकरीला लागल्याचे साल. तो दोनदा भरावा लागतो, तसा भरला. मग कागदावर लिहून, लिफाफ्यावर लाखेची मोहोर करून, प्राचार्यांच्या स्वाधीन केला.

आता तो लिफाफा फोडून टेबलावर पडला होता. कागदावरचे आणि भैय्यालाल यांच्या स्मरणातले, दोन्ही जुळत होते. जुळत नव्हते ते यंत्र.

प्राचार्य खुर्चीत बसले नव्हते. ते म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याईले कुलपं लावली तुमी. अन् आज आपुनच बाहेर उभे.”

भैय्यालाल यांनी मान खाली घातली नाही. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

संगणक दुरुस्त करणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसाने फोनवर उपाय सांगितला: पेटी उघडा, आतला नाण्याएवढा सेल काढा, बहुधा पासवर्ड पुसला जाईल. प्राचार्यांनी लगेच पेचकस मागवला. भैय्यालाल यांनी नम्रपणे निदर्शनास आणले की पेटीवर परीक्षकांच्या सहीची कागदी पट्टी आहे. शिवाय सेल काढल्यावर यंत्राचे घड्याळ मागे जाईल आणि लावलेला सारा क्रम मोडेल. परीक्षकांनी दुजोरा दिला: पट्टी फाटली, तर तेही अहवालात येईल.

“मंग करायचं काय? पोराईले घरी धाडू?” प्राचार्यांनी विचारले.

“मले पाच मिनिटं द्या, सर.”

त्यांनी नोंदवही उघडली. पासवर्ड घातला त्या दिवसाची शेवटची ओळ त्यांच्याच अक्षरात होती: ‘यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. पासवर्ड स्वीकारला गेला.’ म्हणजे कागद खोटा नव्हता. यंत्राला कुणी हात लावला नव्हता. मोहोर फोडेपर्यंत अभंग होती, पट्टी अजूनही अभंग होती. माणूस तोच, पासवर्ड तोच, यंत्र तेच. मग माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये काय बदलले?

त्यांची नजर टेबलावर आली. कीबोर्ड कोरा करकरीत होता.

“मॅडम, हा कवा लावला?”

रेणू मॅडम तासिका तत्त्वावर शिकवत. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होई. त्यांचा चेहरा उतरला. काल संध्याकाळी यंत्र बंद झाल्यावर त्यांनीच बदलला होता. जुन्याची अक्षरे झिजली होती, परीक्षेला नीट दिसावा एवढाच हेतू. “माह्यामुळं तर नाही ना झालं, काका?”

“जुना कुठं हाय?”

तो अडगळीच्या कपाटात सापडला. शेजारच्या राईस मिलचा कोंडा खिडकीच्या जाळीतून येई. तो कळांच्या फटींत तसाच बसलेला होता. भैय्यालाल यांनी कीबोर्ड जोडला, यंत्र सुरू केले. दहा बावन्न. चौकट आली. नेहमी ते पासवर्ड भरताना कळांकडे पाहत. या वेळी प्रथमच पडद्याकडे पाहून एकेक कळ दाबली. प्रत्येक कळीला एक ठिपका उमटत होता. शेवटची कळ सातची होती. ती त्यांनी दाबली. ठिपका उमटला नाही.

नऊ कळा, आठ ठिपके.

ते सारे समजून चुकले. सातची कळ त्या दिवशीही मेलेलीच होती. दोनदा भरताना दोनदा तीच चूक झाली, म्हणून यंत्राने ती बिनतक्रार मान्य केली. कागदावरचा पासवर्ड यंत्राला कधी मिळालाच नव्हता. आज नव्या कीबोर्डवर सात उमटत होता, म्हणूनच ते नाकारत होते.

त्यांनी एंटर दाबले. पडदा क्षणभर काळा झाला. मग सर्व्हरची ओळखीची खूण उजळली.

अकराला चार मिनिटे कमी असताना विद्यार्थी आत आले. कळांचा आवाज सुरू झाल्यावर प्राचार्य दारापाशी दबल्या आवाजात रेणू मॅडमना म्हणाले की, न विचारता कीबोर्ड कायले बदलला, याचा लेखी खुलासा उद्या टेबलावर पाहिजे. मॅडमनी मान डोलावली. तेव्हा भैय्यालाल पुढे झाले.

“खुलासा मी देतो, सर. कीबोर्ड बदलला म्हणून चूक सापडली. केली ती मी. ठिपके मोजले नाही.”

प्राचार्यांनी नोंदवहीकडे बोट केले. “वहीत लिहान?”

“लिहिलं.”

नोंदवहीत त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या अक्षरात तशी ओळ खरोखरच होती. शाई पुरती वाळलीही नव्हती. प्राचार्यांनी ती वाचली आणि खुलाशाचा विषय पुन्हा काढला नाही.

दुपारी पेपर संपल्यावर, परीक्षकांची परवानगी घेऊन, नवा कीबोर्ड जोडून, भैय्यालाल यांनी पासवर्ड पुन्हा घातला. बाजूला रेणू मॅडमना बसवले. ते कळा दाबत होते आणि त्या बोट पडद्यावर ठेवून मोजत होत्या.

“नऊ, काका.”

“अजून एकडाव,” भैय्यालाल म्हणाले.