सेनापतीची रजा

आईशप्पथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे! आता त्या राजपुत्राला मी पाहिलेलं नाही. तो एकोणिसाव्या शतकातला, आणि त्याचं नाव ही गोष्ट सांगणाऱ्या माझ्या आजोबांनाही आठवत नव्हतं. पण बाकी सगळं खरं. निम्मं तरी धराच.

आखातातल्या मीना अब्दुल्लात आमची रिफायनरीची साइट. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी. मी सेफ्टी ऑफिसर, म्हणजे सगळ्यांना पोर्टाकेबिनमध्ये कोंबायचं काम माझं. वीस माणसं, एक एसी, पाच तास! एसीच्या फिल्टरमध्ये वाळू साचते तसे मग किस्से साचतात.

*

तर कोकणातल्या एका चिमुकल्या संस्थानाचा हा धाकटा राजपुत्र. गादी थोरल्याला मिळाली म्हणून रुसून गलबतात बसला आणि पार समुद्रापलीकडे, एका सुलतानाच्या बंदरात उतरला. तिथे सुलतानाचा घोडा उधळलेला. यानं लगाम धरला. सुलतान म्हणाला, "आजपासून तू माझा सेनापती!"

केबिन खूश. फक्त वेल्डर बिजूनं हात वर केला. "भाई, व्हिसा कौनसा था? व्हिजिट पे काम करना मना है!"

*

राजपुत्राला अरबी यायची नाही. यल्ला, बुकरा, खलास. चला, उद्या, संपलं. या तीन शब्दांवर त्यानं अख्खी फौज चालवली.

"झूठ!" बिजू ओरडला.

"झूठ कसं?" आमचे फोरमन हमीदभाई म्हणाले. "आपला सुपरवायझर तेवढ्यावरच साइट चालवतो की!"

सुपरवायझर नेमका दारात! त्याला आमच्या बोलण्यातले तेवढे तीनच शब्द कळले होते. "कोणाबद्दल चाललंय?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"एक फार मोठा सेनापती होता, सर."

दिवसभर खुशीत होता बिचारा.

*

हमीदभाई रत्नागिरीकडचे, खाडीपलीकडच्या गावचे. अठ्ठावीस वर्षं इथे. एकदा मी सांगितलं, शत्रूचा किल्ला पडेना, तेव्हा राजपुत्रानं वाऱ्याची दिशा बघून तटाखाली शंभर चुली पेटवल्या आणि बांगडा भाजायला घेतला. उपाशी शिपायांनी संध्याकाळच्या आत दरवाजा उघडला!

हमीदभाईंनी गंभीरपणे विचारलं, "ओला का सुका?"

"ओला."

"मग नाय पडणार. सुका सांगा, पाटणकरभाऊ. सुक्याला दरवाजाच काय, भिंत उघडंल!"

तेव्हापासून गोष्टीत सुका बांगडा आहे.

*

हमीदभाईंची आई गावी एकटी. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांचीच झालेली.

"कवा येतंस?"

"शटडाऊन झाला की येतो, आई."

शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती; एक संपला की दुसरा. दोन वर्षं हेच चाललेलं. एकदा म्हातारी भडकली, "कोण मेला तो शटडाऊन? फोन दे त्याला!"

केबिन हसून लोळली. हमीदभाईही हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सारखा करत बसले.

*

शेवटी गेल्या उन्हाळ्यात त्यांनी रजेचा फॉर्म भरला. सप्टेंबरात येतो, असं आईला कळवलंही. फॉर्म खिशात होता आणि त्याच दुपारी माझी गोष्ट संपत आली होती.

राजपुत्राची आई प्रत्येक गलबताबरोबर निरोप धाडायची, आणि हा म्हणायचा, एवढी लढाई होऊ दे. वीस वर्षांनी निघाला. धक्का मी मुद्दाम हमीदभाईंच्या गावचाच घेतला, त्यांना बरं वाटावं म्हणून. गलबत खाडीत शिरलं आणि धक्क्यावर आई उभी! रोज यायची म्हणे. त्याला बघून एवढंच म्हणाली, "जेवलास?"



हमीदभाईंनी डोळे पुसले, खिशातून फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि परत ठेवून दिला. "आई थांबते हो, पाटणकरभाऊ. वीस वर्षं थांबली ती. सुपरवायझर म्हणतोय, एवढा शटडाऊन काढा. डिसेंबरात जातो."

मी म्हणायला हवं होतं, अहो, जा! पण गोष्ट रंगल्याच्या नशेत होतो. म्हणालो, "थांबते तर!"

नोव्हेंबरात फोन आला. हमीदभाई पोचले तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.

*

परत आल्यावर त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

या जूनमध्ये केबिनमध्ये चार नवीन माणसं आली. बिजू म्हणाला, "भाई, वो राजकुमारवाला!" टाळता येईना. घोडा सांगितला, बांगडा सांगितला, पण गलबत खाडीत शिरलं आणि मी थांबलो. हमीदभाई कोपऱ्यात हातमोजे चढवत होते.

"हे बघा," मी म्हणालो, "राजपुत्र आजोबांचा. घोडा, बांगडा माझा, ते चालतं. पण आजोबांच्या गोष्टीत तो उतरला तेव्हा धक्क्यावर कोणीच नव्हतं. आई मी घातली. ती थांबली नव्हती."

हमीदभाई बोलले, हातमोज्याकडे बघत.

"होती. सप्टेंबरभर होती. प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायची, शेवटची फेरीबोट लागेपर्यंत बसायची. फेरीबोटवाल्यांनी ठेवलीय खुर्ची, दाखवली मला."

त्यांनी हेल्मेट घातलं आणि दार उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं.

"यल्ला. चार वाजले."