एका चमच्याला एक डोंगर

अख्खी गल्ली ज्याला कप्तान म्हणायची, तो माणूस आयुष्यात कधी कप्तान नव्हता. तो जहाजावर कपडे धुवायचा. श्रीमंत प्रवाशांना उत्तरेकडच्या किनाऱ्यांची सफर घडवणारं एक मोठं क्रूझ जहाज होतं, त्याच्या लॉन्ड्रीत त्याने उभी नोकरी काढली. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, वेटरांचे पांढरे डगले. पण बोलायला बसला की असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, सुकाणू याच्याच हातात होतं. त्यावरून कुणीतरी थट्टेने नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यानेही कधी नको म्हटलं नाही.

काय काय सांगायचा! समुद्रातून सरळ उभे उठलेले डोंगर, मध्ये कुठे टेकायलासुद्धा जागा नाही. निळ्या बर्फाच्या नद्या. उन्हाळ्यात मावळायचं विसरून जाणारा सूर्य. आणि धबधबे. धबधबे हा त्याचा हुकमी एक्का. डोंगराच्या माथ्यावरून थेट समुद्रात पडणारे, पण आवाज न करता. "आवाजच नाही?" असं कुणीतरी विचारायचंच. मग हा डोळे बारीक करायचा, थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "अजिबात नाही. कुणी पांढरं लुगडं वाळत घातलंय जणू." ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा.

आता यातलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं? काही नाही. शप्पथ, काही म्हणजे काही नाही.

लॉन्ड्री जहाजाच्या पार तळाला, पाण्याच्या पातळीच्याही खाली. तिथे खिडकी नव्हती. कपडे धुवायला खिडकी लागते कशाला? जहाज डोंगरांच्या मधून जायचं ते भर दिवसा, प्रवाशांना दिसावं म्हणून, आणि याची पाळी दिवसाची. पाळी संपवून वर यावं तर जहाज पुन्हा उघड्या समुद्रात, आणि सूर्य धुक्याआड. बंदरात उतरला की क्रेन, गोदामं, आणि वर ढग, डोंगर असलेच तर त्या ढगात. झोपायची खोलीही तळालाच. दिवसभर ड्रायरची घरघर, इस्त्रीच्या रोलरची वाफ, आणि घाम असा की कोरडा टॉवेल घडी घालेपर्यंत ओला व्हावा.

मग हे सगळं कुठून आणलं? त्याचं असं झालं. लग्नानंतर पहिल्या सुट्टीवर तो घरी आला, तेव्हा नवी बायको स्वयंपाकघरात आलुबुखाराचा जॅम करत होती. तिच्या आईची पद्धत. फळं चिरून साखरेत रात्रभर मुरवायची, सकाळी पसरट पातेल्यात चढवायची, लिंबू पिळायचं, आणि मग डाव हातातून सोडायचा नाही. सोडला की खाली लागलाच. थंड बशीवर थेंब टाकायचा, बोटाने हलकेच ढकलायचा. सुरकुती पडली की झाला. नाही पडली तर ढवळत राहा. बाई बोलायला कमी आणि घरी शिवणकाम करणारी, त्यामुळे एका जागी बसायची सवय. नवऱ्याला मात्र बसवेना. तेवढ्यात डाव त्याच्या हातात देत तिने विचारलं, "अहो, जहाजातून बाहेर काय दिसतं?"

बिचारी किती उत्सुकतेने बघत होती. आता हिला काय सांगायचं, की तुझा नवरा लोकांच्या चादरीवरचे डाग बघतो? त्याने एका वेटरच्या तोंडून ऐकलेला डोंगर सांगून टाकला. ती ऐकत राहिली. जॅम झाला, बरण्या भरल्या, तरी ती म्हणाली, "अजून सांगा ना." तिथे तो फसला.

परत जाताना तिने बॅगेत जॅमची एक मोठी बरणी घातली. तळाच्या त्या वाफेत बरणीचं झाकण उघडलं, तर वेटर लोक कपड्यांची गाठोडी टाकायला यायचे ते रेंगाळायला लागले. घरचा जॅम म्हणजे काय असतो, हे घरापासून लांब राहणाऱ्यालाच विचारा. मग आमच्या या पठ्ठ्याने डोकं चालवलं. "चमचाभर मिळेल. पण आधी सांगायचं, आज वर काय दिसलं." एका चमच्याला एक डोंगर. बर्फाच्या नदीला दोन चमचे. कुणी नुसतंच "छान होतं" म्हणून हात पुढे केला, तर बरणीचं झाकण बंद. "छान म्हणजे काय? रंग सांग. केवढं होतं ते सांग." वेटर आठवून आठवून सांगायचे आणि चमचा चाटत वर पळायचे.

असा दरवर्षी तो एक बरणी जॅम घेऊन जायचा आणि बरणीभर गोष्टी घेऊन यायचा. फळांच्या दिवसांत सुट्टी घ्यायची, पातेल्यासमोर उभं राहायचं, डाव फिरवायचा आणि सांगायचं. मुलगी झाली, तीही ओट्यावर बसून ऐकायला लागली. निवृत्त झाल्यावर तर काय, दोघं मिळून अख्ख्या गल्लीपुरता जॅम करायची, आणि मागच्या दाराशी शेजारीपाजारी रिकाम्या बरण्या घेऊन गोष्टी ऐकत उभे. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मुलीने तिकिटं काढली.

मुलगी आता मोठ्या इस्पितळात नर्स. एका रविवारी आली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, लहानपणापासून बाबा जे सांगत आलेत ना, ते सगळं तुला दाखवायचंय. तुम्ही दोघं क्रूझवर जाताय." आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. कप्तानाने पाकीट हळूच मुलीकडे परत सरकवलं.

तो काय नाही म्हणाला! गुडघा दुखतोय म्हणाला. मुलीने तिथल्या तिथे गुडघा वाकवून बघितला आणि "उत्तम आहे" म्हणून सोडला. मग म्हणाला, आजकाल मला बोट लागते. "आजकाल म्हणजे कधी? निवृत्तीनंतर तुम्ही बसलात कुठे बोटीत?" मग फळांचा हंगाम आठवला. "एक वर्ष गल्ली विकतचा जॅम खाईल, मरत नाही कुणी," असं बायकोनेच ऐकवलं. तिने नवी चप्पल आणली, लोकरीची टोपी विणली. ज्या बाईने आयुष्यात कधी काही मागितलं नाही, तिचा चेहरा असा उजळला होता की नाही म्हणणाऱ्याची जीभ झडावी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मूठ उघडली तर काय जाणार, हेही ठाऊक होतं. गल्ली हसली तर हसू दे. पण ही? उभ्या संसारात तो महिनोन् महिने घराबाहेर, आणि तिच्याजवळ त्याचं म्हणून जे काही राहिलं, ते हे डोंगर. तेच खोटे निघाले तर तिला वाटणार, मग बाकी तरी काय खरं होतं?

जहाजावर पहिले दिवस त्याने मोठ्या शिताफीने काढले. आतले जिने, चोरवाटा, कुठल्या दारामागून साबणाचा वास येतो, हे सगळं तो तिला दाखवत सुटला. गालिच्यावरून तिची पावलं वाजत नव्हती, त्याचंच तिला अप्रूप. जेवणाच्या टेबलावरचं कापड त्याने चिमटीत धरून पाहिलं आणि "स्टार्च कमी आहे" असा शेरा मारला. ती कौतुकाने हसली. डेकवर जायची वेळ आली की मात्र याला सर्दी व्हायची.

पण सूर्याला हाताने किती वेळ झाकणार. चौथ्या सकाळी जहाजाचा वेग एकदम कमी झाला, आणि आता आपण डोंगरांमधल्या अरुंद समुद्रात शिरतोय, असं कर्ण्यावरून सांगितलं गेलं. बायकोने टोपी घातली. त्याच्याही डोक्यावर एक चढवली. "सर्दी झालीय," तो म्हणाला. "होऊ दे," ती म्हणाली आणि मनगट धरून त्याला ओढतच वर घेऊन गेली. दार उघडलं, आणि दोघांच्या कानांवर एकदम तो आवाज आदळला.

घनगंभीर, सलग, पायाखालची फळी थरथरेल असा. समोरच्या कड्यावरून पाणी कोसळत होतं. एक नाही, जिकडे बघाल तिकडे. आवाज या कड्यावरून त्या कड्यावर जात होता आणि परत येत होता. वर पक्षी कोकलत होते.

"अहो," बायको ओरडूनच म्हणाली, कारण नाहीतर ऐकूच आलं नसतं. "तुम्ही तर म्हणायचात, आवाज नसतो."

आता लक्षात घ्या, वेटरांनी ते धबधबे पाहिले होते जेवणाच्या हॉलच्या जाड काचेआडून. हातात ताटं, मागे काट्या-चमच्यांचा किणकिणाट. त्यांना कुठला आवाज येणार? त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. आणि हा, ज्याचे कान ड्रायरने किटलेले, त्याला तर बाहेरच्या शांततेची इतकी आस, की आवाजाचं विचारायचंही सुचलं नाही.

थाप तयार होती. जिभेच्या टोकावर आली होती. पाऊस जास्त झाला असेल, वारा या बाजूचा असेल, काहीही चाललं असतं. ती विश्वास ठेवणारच होती. पण कप्तान वर बघत होता.

डोंगर म्हणजे त्याच्या मनात काय होतं? धक्क्यावरून दिसणारी जहाजाची उंच बाजू. त्याने पाहिलेली सगळ्यात मोठी वस्तू तीच. वेटर म्हणाले मोठा, की हा ती बाजू डोळ्यांसमोर आणायचा आणि तिला जरा वाढवायचा. इथे त्याने मान मागे टाकली, अजून टाकली, डोक्यावरची टोपी मागे पडली, तरी काळा दगड वर चाललेलाच. ढग आला, त्याला वाटलं संपला. ढगाच्याही वर, निवांत, उन्हात, डोंगर होताच. पायथ्याला पाण्याच्या काठी चार घरं, चिमटीत मावतील एवढी. ज्या जहाजाचं त्याला एवढं वाटायचं, ते त्या पाण्यात काडेपेटीएवढं झालं होतं. पाणी हिरवं, आणि त्या हिरव्यात दुसरा डोंगर उलटा, तितकाच खोल गेलेला.

त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते धबधब्याचे तुषार होते की काय, त्याचं त्यालाही कळेना.

"अहो, काय झालं?"

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "मीपण पहिल्यांदाच बघतोय."

तिला वाटलं थट्टा आहे. ती हसायला लागली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "तुम्ही इथेच होतात ना नोकरीला?"

"इथेच. इथून कितीदा गेलो असेन." त्याने टाच फळीवर आपटली. "पण खाली. पार खाली. खिडकी नव्हती तिथे."

"एकही?"

"एकही."

"मग ते एवढं सगळं..."

मग त्याने सांगितलं. वेटर, बरणी, चमचा, सगळं. सांगताना तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून डोंगराकडे बघत सांगितलं. सांगून झालं आणि तो खाली मान घालून उभा राहिला.

तिने टोपीची कड कपाळावरून वर सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे मी दिलेला जॅम तुम्ही खाल्लाच नाही?"

"पहिल्या वर्षी थोडा खाल्ला. नंतर... बरणी रिकामी झाली की बोटाने पुसून."

"दरवर्षी विचारायचे मी, कसा झाला होता. एक नंबर, म्हणायचात."

"ते खरं होतं. परत परत यायचे ते."

ती कठड्याकडे वळली. तिचे खांदे हलत होते. संपलं, त्याला वाटलं. पण ती वळली तेव्हा रागाने लाल झाली होती, आणि तो राग भलत्याच गोष्टीचा होता.

"मला हेवा वाटायचा तुमचा," ती म्हणाली. "मी घरात मशीनवर मान मोडतेय, आणि हा माणूस जग बघतोय. इतकी वर्षं मनात म्हणत आले मी. आणि तुम्ही तिथे खाली... एक शब्द बोलला नाहीत."

"तुला काय सांगणार होतो? चादरी?"

"चादरी सांगायच्या," ती म्हणाली. "ऐकल्या असत्या मी."

तिने खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढून बसवली. जहाज हळूहळू वळण घेत होतं. वळणापलीकडे अजून एक डोंगर उघडत होता, आधीच्यापेक्षा उंच, आणि त्याच्या अंगावरून सात-आठ ठिकाणी पाणी एकदम खाली येत होतं. डेकवर माणसं होती, पण कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "गल्लीत मी कुणाला काही सांगायची नाही."

कप्तान वर बघत होता. वर बघता बघताच त्याने नाही म्हणून मान हलवली.

"सांग," तो म्हणाला. "सगळ्यांना सांग. म्हणावं, जन्मभर थापा मारल्या त्याने. आणि मारल्या त्यासुद्धा केवढ्याशा."