पॅनेलचं बारसं

माझ्या धाकट्या भावासारखा हेकट माणूस कराडपासून सांगलीपर्यंत दुसरा झाला नाही. झाला असलाच तर त्याला माझ्या दारात आणू नका, एकानेच माझं डोकं पुरेसं खाल्लं. मलकापूरच्या बाजूला एका डेअरीत तो तीस वर्षं होता. आधी दुधाचे कॅन उचलले, मग व्हॉल्व्ह फिरवले आणि शेवटी पॅनेल रूममध्ये खुर्ची मिळाली. पॅनेल रूम म्हणजे जिथे बसून सगळी डेअरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालवतात ती खोली. त्या खुर्चीत तो जेवढा ताठ बसायचा तेवढा स्वतःच्या वरातीत घोड्यावरही बसला नव्हता.

त्याचा एक हेका होता. वस्तूचं नाव सांगितलेलं त्याला चालायचं नाही. "नाव नगं, काय करतंय ते सांग," म्हणायचा. डॉक्टरने गोळी लिहून दिली तर हा विचारणार, "नाव ऱ्हाऊ द्या साहेब, ही पोटात जाऊन काय करती?" बाहेरची रांग शिव्या घालायची, पण उत्तर मिळाल्याशिवाय हा स्टुलावरून उठायचा नाही. घरातल्या सगळ्या बटणांवर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि वहिनीच्या डब्यांवरही. तिखटाच्या डब्यावर 'रडवतंय' लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोराच्या बारशाला तर त्याने कहर केला. आत्या मी, नाव ठरवून पाळण्याशी उभी, आणि हा मध्येच म्हणतो, "आक्का, थांब. ते अजून निस्तं झोपतंय. काय करतंय ते कळंपतोर नाव कसं ठिवायचं?" मी ऐकलं नाही. वाकून कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि त्यांच्या गर्दीत एक धपाटा या बाबाने रागाने घातला. त्याचे वळ दोन दिवस होते.

डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा पडद्यावर सगळी अक्षरं इंग्रजी. पाळीवरचे गडी मराठी शाळेतले. कुठला आकडा कशाचा हे पाठ करायचे आणि चार दिवसांत विसरायचे. एका संध्याकाळी हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. "आक्का, नाव ठिवायचा मान आत्याचा. आमच्या पडद्याचं बारसं करायचं हाय." मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणाला, "म्हणूनच. तुला कळलं तर कुणालाबी कळंल."

मग रोजचाच नाद झाला. मी भाकरी थापायची, तो एकेक गोष्ट काय करते ते सांगायचा, आणि मी नाव द्यायची. दूध किती तापलं पाहिजे तो एक आकडा आणि खरं किती तापलंय तो दुसरा. मी म्हटलं, "एक 'पायजे', दुसरा 'हाय'. त्यात काय एवढं?" कमी तापलेलं दूध पुढे न जाता आपोआप मागे फिरतं, त्याला 'माघारी'. आणि भोंगा वाजला की दाबायचं एक बटण होतं. ते दाबलं की भोंगा गप्प होतो, पण बिघाड तसाच राहतो. गडी ते दाबून निवांत बसायचे. मी म्हटलं, "हे माझ्या मालकासारखं हाय. हाक मारली की 'ऐकलं' म्हणत्यात आन् जागचं हलत न्हाईत. 'ऐकलं' लिही." प्रत्येक नावाला तो उठून माझ्या पाठीत एक धपाटा घालायचा. बारशाची रीत म्हणे. पिठाच्या हातांनी मी त्याला मारायला उठायची.

सगळ्या पडद्याभोवती चिठ्ठ्या लागल्या आणि गडी त्याच शब्दांत बोलायला लागले. मग नवा मॅनेजर आला. त्याने हुकूम काढला की सोमवारपर्यंत चिठ्ठ्या काढा, नाहीतर खुर्ची सोडून कॅन चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर जा. भाऊ मला घेऊनच पॅनेल रूममध्ये गेला. "साहेब, नावं हिनं ठिवल्यात. काढायची तर हिला सांगून काढा."

डेअरीच्या नियमाप्रमाणे माझ्या डोक्याला जाळीची टोपी घातलेली. मॅनेजर समजुतीने म्हणाला, "आजी, हे स्टँडर्ड शब्द असतात. उद्या पुण्याहून इंजिनिअर आला तर त्याला तुमचं काय कळणार?"

भाऊ म्हणाला, "त्यो वर्सातनं दोनदा येतो. आमी हितं रोज बसतोय. आला की त्याला शिकवू."

तेवढ्यात भोंगा वाजला. मॅनेजरने बोलता बोलता हात लांब करून बटण दाबलं आणि पुढे बोलत राहिला. मी चिठ्ठ्या वाचल्या.

"साहेब, तुमी 'ऐकलं' दाबलंसा. आता उठणार कोण? पायजे बहात्तर, हाय सत्तर. दूध माघारी चाललंय तुमचं."

पॅनेलवर वडूजची एक बाई होती, भावाच्या हाताखाली शिकलेली. ती हसू दाबत दूध तापवायची वाफ बघायला पळाली. मॅनेजरचे कान लाल झाले. मला वाटलं, जिंकलो. पण चारचौघांत मान खाली घालावी लागलेला साहेब ताठ मानेच्या साहेबापेक्षा वाईट असतो. हुकूम तसाच राहिला. भावाने एकही चिठ्ठी काढली नाही. मॅनेजरने त्या दुसऱ्या गड्याकडून खरवडून घेतल्या आणि याला धक्क्यावर पाठवलं. निवृत्तीपर्यंत दोन वर्षं त्याने पुन्हा कॅन उचलले, त्या वयात. मी म्हटलं, "माफी माग, खुर्ची मिळंल." म्हणाला, "खुर्ची काय करती, आक्का? निस्तं बसवती." पण घरी जाताना पॅनेल रूमच्या खिडकीवरून तो मान वळवून आत बघत जायचा, हे मला त्या वडूजच्या बाईने सांगितलं. खिडकीतून त्याला ऐकू यायचं, आतले गडी ओरडत असायचे, "अरं, माघारी लागलंय, उठा!"

तो जाऊन आता वर्ष होईल. परवा त्या बाईचा फोन आला. आता खुर्चीवर ती असते. म्हणाली, "आत्या, नवी टाकी बसवलीया. पडद्यावर निस्ता नंबर हाय. गडी म्हणत्यात, आत्यांस्नी इचारा."

"काय करती ते सांग," मी म्हटलं.

"दूध येऊन तिथं जरा थांबतंय, आन् मग सावकाश आत जातंय."

"मग ती ओसरी."

ती हसली, "लिवते," म्हणाली आणि फोन ठेवला. तवा तापून धुरावला होता. भाकरी टाकायची सोडून मी धपाट्यासाठी पाठ आवळून तशीच बसले होते.